‘सुम्न पळतो’ म्हणायची सवय कशी मोडायची?

वडगाव_पहाटे

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी बाई आहे, वय ४३. आमच्या बेळगावात बायकापण गेलो-आलो-बसलो असंच बोलतात, तेव्हा पुण्यामुंबईच्या लोकांनी गोंधळू नये.

विषय असा आहे की गेले चौदा महिने मी पळतो. आठवड्यातनं चार दिवस. वडगावातनं निघून येळ्ळूर रोडनं, बळ्ळारी नाला ओलांडून शिवारातनं पुढं जाऊन परत. आधी एक मिनिट पळणे दोन मिनिटं चालणे असं करत करत ५ किमी व्हायला तीन महिने गेले. आता एका वेळेला ५ तरी होतंच, आणि कधीतरी एखाद्या रविवारी राजहंसगडाच्या चढापर्यंत जातो, पण तेव्हा परत यायला नवऱ्याला स्कूटर घेऊन बोलवावं लागतंय. गेल्या डिसेंबरात एका १० किमीच्या शर्यतीत नाव दिलं होतं, १ तास १४ मिनिटं लागली, मेडल कपाटात साड्यांच्या खाली आहे. म्हणजे खरंच खाली आहे, कुणाला दिसू नये म्हणून ठेवलंय, हे लिहिताना आत्ता लक्षात आलं.

तर महिन्याभरापासून उजवी नडगी दुखायला लागली म्हणून एका फिजिओकडं गेलो. तरणा पोरगा, कन्नड बोलणारा. त्यानं विचारलं, "एन आडतीरी मॅडम?" म्हणजे काय खेळता. आणि माझ्या तोंडातनं काय आलं तर "एनिल्ल्री, सुम्न ओडतेन्री." ज्यांना कन्नड येत नाही त्यांच्यासाठी, "काही नाही हो, असंच पळते." सुम्न म्हणजे असंच, उगीच, कारण-बिरण काही नाही. सुम्न बसलोय, सुम्न आलो होतो, तसं सुम्न पळतो. त्यानं कागदावर ‘वॉकिंग’ लिहिलं, दोन आठवडे कमी चाला म्हणाला, एक मलम दिलं. मी पैसे दिले आणि आलो.

येताना स्कूटरवर इतका राग आला की काय सांगू. त्याचा नाही, तो बिचारा मी जे सांगितलं तेच लिहिणार. चौदा महिने पहाटे साडेचारचा गजर, पावसाळ्यात रेनकोट घालून चिखलातनं, थंडीत कानाला रुमाल बांधून, आणि हे सगळं मी दोन शब्दात पुसून टाकलं. आणि दुखण्याचं खरं कारणपण सांगितलं नाही म्हणजे औषधपण चुकीचंच मिळणार.

मग विचार करत बसलो तर लक्षात आलं, मी सगळीकडं हेच करतो. सासूबाईंना सांगितलंय की शुगर बॉर्डरला आहे, डॉक्टर म्हणालेत. (शुगर एकदा बॉर्डरला होती, पाच वर्षांपूर्वी.) शेजारच्या काकूंना ‘फिरायला जातो’. ऑफिसात तर कुणाला माहीतच नाही. ओढणी घेऊन निघतो, गल्लीच्या तोंडापर्यंत अंगावर, मग कमरेला गाठ मारतो, येताना परत अंगावर. त्या वेळेला गल्लीत कुणी नसतंय, सगळ्यांचे विणायचे माग बंद असतात, तरी.

रस्त्यावर भरतीची तयारी करणारी पोरं असतात, ती माझ्या दोन फेऱ्या मारून जातात. आधी "ओ काकू, बाजूला" म्हणायची. आता "काकू, आज किती?" विचारतात. तिथंपण मी म्हणतो, "काही नाही रे, आपलं असंच."

शाळेत अ‍ॅथलीट म्हणजे तीन मुली होत्या, ज्यांच्याकडं स्पाइक्स होते आणि ज्या धारवाडला जायच्या. मी लिंबू-चमच्यात दुसरा नंबर काढलेली. त्यामुळं तो शब्द माझ्यासाठी नाहीच असं कुठंतरी पक्कं बसलंय. धावपटू हा तर पेपरातला शब्द, कुणी घरात बोलतंय काय? मी धावपटू आहे म्हटलं तर आमचे हे चहाच सांडतील.

विचारायचं एवढंच की तुम्हाला कधी वाटलं, की आपण हे ‘सुम्न’ करत नाही, आपण खेळाडू आहोत? काही टाइम लागतोय, अंतर लागतंय, की काय असतंय? आणि तोंडातनं येतंय कसं ते?

—

मातीतला

ताई मी पळण्यातला नाही, कुस्तीतला. म्हणजे होतो. पण तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, मोठं होईल, माफ करा.

मी तेरा वर्षांचा होतो, वडलांनी गावच्या तालमीत नेऊन सोडलं. पहिल्या दिवशी वस्तादांनी काय शिकवलं असेल? काही नाही. हातात फावडं दिलं आणि हौद्यातली माती उकरायला लावली. तासभर. ती माती तुम्हाला वाटते तशी हलकी नसते, तेल ताक हळद घालून घालून मुरलेली असते, फावडं रुतत नाही. हाताला फोड आले. आणि तेवढ्यात मागून आवाज, "ए पैलवान, पाणी आण." मी मागं बघितलं, मला वाटलं दुसऱ्या कुणाला तरी. मलाच होतं. एक डाव येत नव्हता, लंगोट नीट बांधता येत नव्हता, आणि मी पैलवान.

पुढं पहिल्या सहा कुस्त्या हरलो. सहाच्या सहा चितपट, एक तर हलगी नीट वाजायच्या आत. जत्रेच्या मैदानात नारळ आणि पन्नास रुपये घेऊन खाली मान घालून घरी यायचं. पण दुसऱ्या दिवशी तालमीत गेलो की परत "ए पैलवान". कुणी म्हटलं नाही की आधी एक जिंकून ये मग म्हणू. आमच्याकडं माती लागली की पैलवान, जिंकला तर मोठा पैलवान, एवढाच फरक. आनंदवाडीच्या आखाड्यात मोठी मैदानं बघायला जायचो तेव्हा तिथंपण तेच, चाळीस किलोच्या पोराला पण माईकवरून पैलवानच म्हणून पुकारतात.

आता दुसरी बाजू सांगतो. मला तालीम सोडून अकरा वर्षं झाली. मोबाइलचं दुकान आहे, पोट सुटलंय, जिना चढलो की थांबतो. आणि मला अजून अख्खा रस्ता पैलवान म्हणतो. "पैलवान, रिचार्ज मारा." पहिली दोन-तीन वर्षं बरं वाटायचं, आता टोचतं. तुमच्याकडं पळणं आहे आणि नाव नाही, माझ्याकडं नाव आहे आणि मेहनत नाही. बघा अदलाबदल करायची असेल तर.

पण एक, पैलवान हे नाव मी स्वतःला घेतलं नव्हतं. वस्तादांनी दिलं. तुम्हाला वस्ताद नाही ही खरी अडचण आहे असं मला वाटतं. एकटं पळणाऱ्याला मागून हाक मारणारं कोणी नसतं.

—

लेन_चार

कटू वाटेल पण बोलतो. मी युनिव्हर्सिटीला ४०० मीटर पळालोय. पहाटे आणि संध्याकाळी दोन सेशन, उलटी होईपर्यंत ३०० चे रिपीट, चार वर्षं. अ‍ॅथलीट शब्द मी जपून वापरतो, हल्ली घड्याळ घेतलं आणि अ‍ॅपवर चार लोकांनी अंगठा दिला की लोक प्रोफाइलला अ‍ॅथलीट लिहितात. १ तास १४ मध्ये १० किमी म्हणजे किलोमीटरला सात मिनिटं चोवीस सेकंद. आरोग्यासाठी उत्तम, मनापासून अभिनंदन. पण त्याला रनर म्हणा, फिटनेस म्हणा.

माझ्या मते स्पर्धा हीच खूण. म्हणजे मागच्या वेळेपेक्षा चांगलं करायचं म्हणून तुम्ही काहीतरी सोडता का, काहीतरी ठरवून करता का. तसं असेल तर मार्ग मोकळा आहे. मास्टर्स अ‍ॅथलेटिक्स ३५ पासून सुरू होतं, पाच-पाच वर्षांचे गट असतात, तुम्ही ४० ते ४४ मध्ये येता. तिथं ५००० मीटरला नाव द्या, ट्रॅकवर साडेबारा फेऱ्या मारा, मागून लोक लॅप देऊन जातील ते सोसा. मग मला विचारायची गरज पडणार नाही.

—

खानापूर_रोड

लेन चार साहेब, त्या सोडूलाल्यात की ओ. साडेचारला उठायचं म्हणजे झोप सोडूलाल्यात. अजून काय सोडायचं, संसार?

—

वडगाव_पहाटे

@मातीतला, दादा, हाक मारणारं कोणी नाही हे वाचून गप्प झालो. आणि रिचार्जचं वाचून हसलो, सॉरी.

@लेन_चार, राग नाही आला, खरंच. उलट बरं वाटलं कुणीतरी टाइम बघून बोललं. घरात सगळे "वा वा" म्हणतात, किती मिनिटात हे कुणी विचारत नाही. आणि हो, मी ठरवून करतो. डिसेंबरात शेवटचे दोन किमी चाललो होतो, ते मला अजून खुपतंय. बुधवारी मी एक किमी जोरात एक किमी हळू असं तीनदा करतो, ते कुणी सांगितलं नाही, वाचून. मला सत्तर मिनिटांच्या आत यायचंय. हे आत्तापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

—

निवृत्त_हवालदार

नमस्कार. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीमधून निवृत्त, गाव खानापूर तालुक्यात, सध्या मुक्काम कॅम्पच्या बाजूला.

ताई, फौजेत अ‍ॅथलीट आहेस का असं कुणी विचारत नाही. शिट्टी वाजली की पळायचं. भरतीला १६०० मीटर, साडेपाच मिनिटांत आलास तर पूर्ण मार्क. पुढं ट्रेनिंगमध्ये बूट घालून, पाठीवर ओझं, हातात रायफल. सतरा वर्षं मी पळालो आणि सतरा वर्षांत एकदाही वाटलं नाही की आपण खेळाडू आहोत. ती ड्युटी होती. पगार मिळायचा.

रिटायर होऊन घरी आलो. पहिल्या सोमवारी साडेचारला जाग आली. शिट्टी नाही, उस्ताद नाही, शेजारी खाट नाही. बायको झोपलेली. मी छताकडं बघत पडलो की आता कशाला उठायचं. मग उठलो, बूट घातले आणि हिंडलग्याकडं पळून आलो. कोणी सांगितलं नाही, कोणी मोजलं नाही. तो दिवस माझ्या लक्षात आहे. सतरा वर्षांचं पळणं एका बाजूला आणि ते पाच-सहा किलोमीटर एका बाजूला.

आता दुसरी गोष्ट. तुम्ही बेळगावच्या आहात, तुम्हाला फडेप्पा चौगुले हे नाव माहीत आहे का? नसेल तर तुमचा दोष नाही, आमच्या पोरांनापण माहीत नाही. हा आपल्या बेळगावचा माणूस. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकला हिंदुस्थानातनं जो पहिला संघ गेला, दोराबजी टाटांनी पुढाकार घेऊन पाठवलेला, त्यात तो होता. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरच्या शर्यतीत टाटांनी अनवाणी पळणारी खेड्यातली माणसं बघितली आणि त्यांच्या डोक्यात ऑलिम्पिक आलं, असं सांगतात. चौगुले मॅरेथॉन पळाले आणि १९ वे आले. २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. आणि त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीच्या ४२.१९५ ची नव्हती, ४२.७५ किमीची होती, ऑलिम्पिकमधली सगळ्यात लांब. पाचशे मीटर जास्तच पळाला माणूस. शंभर वर्षांपूर्वी. ताकदीचं एनर्जी जेल नाही, घड्याळ नाही, कार्बन प्लेटचे बूट नाहीत.

मी हे का सांगतोय, तर ते बेळगावात सराव करत असतील तेव्हा त्यांनापण कुणीतरी विचारलंच असेल, काय रे फडेप्पा, कशाला पळतोयस? त्यानं काय उत्तर दिलं असेल याचा मी पहाटे पळताना कधीकधी विचार करतो. बहुतेक "असंच" म्हणाला असेल. बेळगावचाच ना.

—

पीटी_बाई_निपाणी

मी शाळेत पीटी शिकवते. वडगावच्या ताई, तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य सगळ्यांनी सोडून दिलं, पुरुष मंडळी आहेत म्हणून असेल. "सासूबाईंना सांगितलंय की शुगर बॉर्डरला आहे." सगळं तिथंच आहे.

आमच्या इथं बाईनं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून पहाटे घराबाहेर पडलं तर चालतं. शुगरसाठी चालतं. बीपीसाठी चालतं. पोरगीच्या लग्नात साडी नीट बसावी म्हणून एक वेळ चालतं. मला आवडतं म्हणून जाते हे चालत नाही, म्हणजे कुणी अडवतं असं नाही हो, पण ते वाक्य तोंडातून निघत नाही कारण त्याच्यापुढं लगेच प्रश्न येतो की मग पोरांचा डबा? आजारासाठी वेळ काढलेला माफ असतो, स्वतःसाठी काढलेल्याचा हिशोब द्यावा लागतो. म्हणून तुम्ही अ‍ॅथलीट म्हणत नाही, पेशंट म्हणता. पेशंट सोयीचं पडतं.

मी खो-खो खेळायचे. माझी जागा संरक्षणात, तीन खेळाडूंच्या तुकडीत मी शेवटी आत जायचे, कारण दम होता. लग्न झालं, सुटलं. शिक्षिका म्हणून नोकरी लागल्यावर हातात शिट्टी आली ती आलीच. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, भारताच्या मुलींनी आणि मुलांनी दोघांनीही जिंकला, फायनलला दोन्हीकडं नेपाळ. आम्ही शाळेत लावला होता. माझ्या आठवीच्या मुली ओरडत होत्या आणि एकीनं मला विचारलं, "मॅडम, तुम्ही खेळायचा काय?" मी म्हटलं, "हो, पूर्वी, थोडंसं." थोडंसं! सात वर्षं गुडघे फोडून घेतले ते थोडंसं. तुमचं सुम्न आणि माझं थोडंसं, बहिणी बहिणी.

आणि बायकांबद्दलचं हे फक्त आपल्याच गल्लीत नाही बरं. ऑलिम्पिकमध्ये १९२८ ला बायकांची ८०० मीटर ठेवली, शर्यत संपल्यावर बायका दमलेल्या दिसल्या म्हणून आरडाओरडा झाला आणि ती थेट १९६० पर्यंत बंद. बत्तीस वर्षं! पुरुष दमले तर शूर, बायका दमल्या तर अनर्थ. बायकांची मॅरेथॉन तर १९८४ ला आली, तेव्हा मी बालवाडीत होते. म्हणजे मोठमोठ्या साहेबांनाच ठरवता येत नव्हतं, तुमच्या सासूबाईंना काय बोलायचं.

मी मुलींना नेहमी मलप्रभा जाधवचं सांगते. आपल्या बेळगाव भागातलीच, शेतकऱ्याच्या घरातली. २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये कुराशमध्ये ब्राँझ. कुराश म्हणजे काय हे पेपर वाचून आधी मलाच शोधावं लागलं होतं, तो उझबेकिस्तानकडचा कुस्ती-ज्युदोसारखा खेळ आहे. आता गावातल्या किती लोकांनी तिला सुरवातीला विचारलं असेल की बाई हे काय करतेस.

एक करा. सासूबाईंना खरं सांगा. अ‍ॅथलीट-बिथलीट नका म्हणू, फक्त "शुगर नाही, मला आवडतं" एवढं. फिजिओला सांगायच्या आधी हे.

—

लेन_चार

पीटी बाईंशी सहमत. आणि ताई, सत्तर मिनिटांचं लक्ष्य आणि बुधवारचे तीन किमी जोरात, हे तुम्ही पोस्टमध्ये लिहिलं असतं तर मी वेगळं लिहिलं असतं. ते सोडून तुम्ही ओढणीचं लिहिलंत. (पीटी बाई ओरडायच्या आधी, कळतंय मला, ओढणीपण महत्त्वाची आहे.)

पण नडगी दुखत असताना बुधवारचं बंद. लगेच.

—

खानापूर_रोड

मी जरा कामाचं बोलतो, सगळे भावनिक झालेत.

ताई, बूट किती जुने? चौदा महिने म्हणजे साठ आठवडे, आठवड्याला सरासरी वीस किमी धरले तरी बाराशे किमी झाले. एकाच जोडीवर पळूलाल्यात काय? साधारण पाचशे ते आठशे किमीत बुटाचा तळ मरतो, वरनं चकचकीत दिसतोय पण आत स्पंज संपलेला असतोय. मला असंच झालतं, मी तेल लावूलालो, शेक देऊलालो, बायको लेप लावूलाली, आणि रोज तेच फाटके बूट घालून परत जाऊलालो.

दुसरं, बोटानं नडगीवर दाबून बघा. लांब पट्टीत, हाडाच्या आतल्या कडेनं दुखतंय तर बहुतेक साधं असतंय, पळणं कमी करून, पोटऱ्या ताकदीच्या करून बरं होतंय. पण एकाच ठिकाणी, नाण्याएवढ्या जागेत, हाडावरच दुखत असलं, रात्री झोपेतपण ठणकत असलं, एका पायावर उडी मारली की कळ येत असली तर मलम-बिलम सोडा आणि हाडाच्या डॉक्टरला दाखवा. हाडाला बारीक चीर असू शकतीय. त्याच्यावर पळलात तर सहा आठवड्यांचं काम सहा महिन्यांवर जातंय. आणि चाळिशीनंतर बायकांनी व्हिटॅमिन डी, हिमोग्लोबिन एकदा बघून घ्यावं, ते तर सगळ्यांनाच माहीत आहे आणि कोणीच करत नाही.

आणि परत त्याच फिजिओकडं जावा. ‘वॉकिंग’ खोडायला लावा.

—

मातीतला

खोडायला लावाच. आणि काय झालं ते इथं लिहा. मी वाट बघतोय.

(हवालदार साहेब, सोमवारी मीपण साडेपाचला उठलो. फक्त उठलो. पंचवीस बैठका मारल्या, दोन दिवस जिन्यानं उतरता येत नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक हसतंय.)

—

निवृत्त_हवालदार

पैलवान, पंचवीस फार झाल्या. दहापासून सुरू करा. रोज.

—

वडगाव_पहाटे

बारा दिवसांनी लिहितोय. मधे मंगाईची जत्रा होती, घरात पाहुणे, मागाची सुट्टी, स्वयंपाकघरातनं बाहेर पडायला मिळालं नाही.

तर सासूबाईंना सांगितलं. भाकरी थापताना सांगितलं कारण तेव्हा त्या माझ्याकडं बघत नसतात. म्हटलं, "आत्या, माझी शुगर नॉर्मल आहे. पाच वर्षं झाली नॉर्मल होऊन. मी पळतो कारण मला आवडतंय." त्या थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "मला काय ठाऊक नव्हतं काय? शुगर असलेलं माणूस कुंदा असा वाटीभर खातंय होय?" म्हणजे मी चौदा महिने ज्यांना फसवत होतो त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. वर म्हणाल्या, "ओढणी कमरेला बांधतीस ती घरातनंच बांधून जा, कोपऱ्यावर थांबून बांधतीस तर लोकांना वाटतंय काय की." गच्चीवरनं बघायच्या म्हणे. चौदा महिने.

फिजिओकडंपण गेलो. जाताना स्कूटरवर सराव करत होतो, नान ओडतेन्री, नान ओडतेन्री. पीटी बाईंची आठवण करत आत गेलो. त्यानं कागद काढला, "वॉकिंग, हौद्री?" मी म्हटलं, "अल्ल्री. ओडतेनि. वारक्के नाल्क दिन, इप्पत्त किलोमीटर." म्हणजे नाही हो, पळते, आठवड्याला चार दिवस, वीस किलोमीटर. सुम्न आलं नाही तोंडात. मला वाटलं होतं तो काहीतरी म्हणेल, अरे वा किंवा या वयात किंवा काहीतरी. त्यानं वरपण बघितलं नाही. ‘वॉकिंग’ खोडलं, ‘रनिंग’ लिहिलं, आणि सरळ प्रश्न सुरू केले. डांबरावर की मातीवर, चढ किती, अंतर एकदम वाढवलं काय, पुढची शर्यत कधी. पुढची शर्यत कधी! जसं काय ती असणारच.

मग नडगी दाबून बघितली, एका पायावर उड्या मारायला लावल्या, कळ आली नाही. लांब पट्टीतलंच आहे म्हणाला, खानापूर रोड यांनी सांगितलं तसंच. तीन आठवडे पळणं अर्ध्यावर, बुधवारचं बंद (लेन चार, ऐकलं बरं), आणि पायरीच्या कडेला चवडे टेकवून टाचा वर-खाली, पंधराच्या तीन फेऱ्या, रोज. ते मी जिन्यात करतो, सासूबाई मोजतात. कन्नडमध्ये मोजतात, त्यांचं माहेर गोकाककडचं, आणि मधेच कुणाशी बोलायला लागल्या की परत एकपासून.

आणि बूट. बाराशे नाही, तेराशे चाळीस झालेत, मोबाइलमध्ये बघितलं. आता नवीन घ्यायचेत तर एक विचारायचं होतं, माझा चवडा रुंद आहे, बायकांचे म्हणून जे मिळतात ते करंगळीला चावतात. शहापूर-टिळकवाडीकडं दोन दुकानात बघितलं, दोन्हीकडं गुलाबी रंग दाखवला आणि "वॉकिंगसाठी ना मॅडम" म्हणाले. पुरुषांच्यातला एक नंबर लहान घेतला तर चालतंय काय? कुणी घेतलाय?